टाकी प्रकरणाशी न जुळणारा उजेड

रकाना १ : साक्षीदार काय म्हणतो

स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज दुपारी चार वाजता एक उजेड येतो, असं बायकोने सांगितलं, तेव्हा निरीक्षक पुढच्या खोलीत सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा उजेड तपासत बसले होते.

निरीक्षक म्हणजे वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीत त्यांनी एकाही दुकानदाराच्या किलोवर विश्वास ठेवला नाही. आपल्या पेटीतलं वजन काट्यावर ठेवून बघितल्याशिवाय कधी सही केली नाही. निवृत्तीनंतर ते 'अज्ञात प्रकाश अभ्यास मंडळा'चे अध्यक्ष झाले आणि पेटी माळ्यावर गेली. मंडळात तिघं होते : ते स्वतः, चष्म्याचं दुकान चालवलेला एक चष्मेवाला आणि एक निवृत्त ग्रंथपाल. तिघं रोज साडेतीन ते सहा टाकी प्रकरणाचा अभ्यास करत.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी एका पाण्याच्या टाकीवर संध्याकाळी सव्वासात वाजता तीन दिवे उजवीकडून डावीकडे गेले होते. घूंऽऽ असा आवाज झाला होता आणि टाकीवरचा पहारेकरी नऊ मिनिटं जागचा हलला नव्हता. यावर चार पुस्तकं निघाली होती आणि चारही पुस्तकं एकमेकांचे दाखले देत होती. ग्रंथपालांना पहारेकऱ्याची जबानी पान क्रमांकासकट पाठ होती. त्या पहारेकऱ्याला शेवटचं कुणी भेटलं, त्यालाही तीस वर्षं उलटली होती. "तो झोपला तर नव्हता?" असं बायकोने एकदा चहा ठेवता ठेवता विचारलं होतं. मंडळाने त्याची नोंद 'अवांतर' अशी केली होती.

पण आता पंचाईत झाली होती. महासंघाचं पत्र आलं होतं की प्रत्येक मंडळाने महिनाअखेरपर्यंत एक तरी नवीन प्रकरण सादर करावं, नाही तर मान्यता रद्द. मान्यता म्हणजे एक शिक्का आणि छापील कागदांचा गठ्ठा. निरीक्षकांसाठी मात्र ती सकाळी दाढी करण्याचं कारण होती.

त्यामुळे बायकोचा उजेड त्यांना देवासारखा वाटला. त्यांनी कोरं निरीक्षण-पत्रक काढलं आणि तिला समोर बसवलं. तिने सांगितलं : बशीएवढा असतो. फडताळाच्या वर, छताच्या जवळ येतो. जरासा थरथरतो, डावीकडून उजवीकडे कॅलेंडरपर्यंत जातो, परत येतो. पंधरा-वीस मिनिटं थांबतो. तिला त्याची भीती वाटत नव्हती. उलट आता चार वाजायची वाट बघावीशी वाटते, म्हणाली.

"तुम्ही उद्या चारला पाच मिनिटं आत या," ती म्हणाली. "एकटीने बघण्यात काय मजा?"

निरीक्षकांनी आठवण करून दिली की चारला मंडळाची बैठक असते.


रकाना २ : वेळ, संख्या, दिशा, आवाज (एकाच रकान्यात बसवावे)

वेळ ती चार म्हणाली होती. पण असे उजेड दिवसाउजेडी येत नाहीत. साक्षीदाराची वेळ घसरते हे पान चौतीसवर छापलेलंच होतं. तेव्हा सव्वासात.

संख्या एक. टाकीवर तीन होते. उरलेले दोन फडताळाच्या मागे राहिले असावेत, असं चष्मेवाल्याचं मत पडलं आणि ते एकमताने मान्य झालं.

दिशा डावीकडून उजवीकडे. ग्रंथपालांनी विचारलं, ती भिंतीकडे तोंड करून बसते की पाठ करून? कुणालाच माहीत नव्हतं. पाठ करून बसत असेल तर डावं-उजवं आपोआप पालटतं, असं धरून पालटण्यात आलं.

आवाज नाही, असं ती तीनदा म्हणाली. पण पहारेकऱ्यानेही पहिल्या दोन जबान्यांत आवाज नव्हता असंच सांगितलं होतं, तिसऱ्या जबानीत तो आठवला. म्हणून 'घूंऽऽ (साक्षीदाराच्या अद्याप लक्षात आलेला नाही)'.

बायकोने पत्रक वाचलं. मग उलटून मागे काही आहे का तेही बघितलं.

"यात माझं काय आहे?"

"खाली सही करायची आहे ना," निरीक्षक म्हणाले, "ती तुझीच."


रकाना ३ : प्रत्यक्ष पाहणी

वेळ सव्वासात ठरली आणि टाकी उंच होती, म्हणून मंडळ रोज सात वाजता गच्चीवर जाऊन बसू लागलं. तीन खुर्च्या, एक दुर्बीण, एक फाइल.

पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दोरीवरचे कपडे घाईघाईने काढून नेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे मिस्टर वर येऊन गेले. तिसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरीने लेखी अर्ज मागितला. निरीक्षकांनी कारणाच्या जागी 'उजेडाची प्रतीक्षा' असं खरं तेच लिहिलं. सेक्रेटरी कर्तव्यदक्ष माणूस. त्याने पाचव्या दिवशी इलेक्ट्रिशियन पाठवून गच्चीवर शंभर वॉटचा दिवा लावून दिला आणि उशीर झाल्याबद्दल माफीही मागितली. त्यानंतर आभाळ दिसेनासं झालं. पण एवढ्या तत्परतेने लावलेला दिवा बंद करायचा कसा, हे कुणालाच सुचेना. तीन ज्येष्ठ नागरिक शंभर वॉटखाली बसून अंधारात काय दिसतं ते बघत राहिले.

टाकीच्या वेळी आसपासची कुत्री गप्प झाली होती. इथलं कुत्रं मात्र तिघांना बघून सारखं भुंकत होतं. सातव्या दिवसापासून चष्मेवाला खिशात बिस्किटं आणू लागला. फाइलमध्ये नोंद झाली : 'कुत्रा शांत. साम्य लक्षणीय.'

दहाव्या दिवशी ग्रंथपालांना सर्दी झाली.

आणि खाली, रोज चार वाजता, बायको स्वयंपाकघरात खुर्ची ओढून कपभर चहा घेऊन भिंतीसमोर बसत होती. रोज एकदा दारापर्यंत येऊन "आलाय हो" म्हणत होती. आणि रोज पुढच्या खोलीतून उत्तर जात होतं, "लिहून ठेव."


रकाना ४

(रिकामा. त्या दिवशी उजेड आलाच नाही.)


रकाना ४ (छापखान्याच्या चुकीने दोनदा)

दुसऱ्या दिवशीही आला नाही. साडेचारपर्यंत वाट बघून बायको पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली. ग्रंथपाल नाक पुसत म्हणाले की टाकीवरचे दिवेही असेच गेले होते, पान एकसष्ट, आणि दोन महिन्यांनी परत दिसले. निरीक्षकांनी तिला धीर धरायला सांगितलं.

ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, बोर्डावर. हे तिघांनाही माहीत होतं, पण कुणाच्या कामाचं नव्हतं.

"ऐका जरा," ती म्हणाली. "बोर्डावर दिवा लागला की हा मागच्या कुठल्या दिव्यासारखा आहे, असं मी कधी बघत बसले नाही. दिवा लागला म्हणजे कुणाला तरी बोलायचंय. आणि विझला म्हणजे एक तर बोलणं झालं, नाही तर त्या माणसाने नाद सोडला. इथे अजून कुणी बोललेलं नाही. मी जाऊन बघते."

"अगं पण जाणार कुठे तू?"

"उजेड छताजवळ पडतो. म्हणजे खालून येतो. आपण तिसऱ्यावर. मग समोरच्या इमारतीत दुसऱ्यावर बघायचं." तिने चपला घातल्या. "तुम्ही बघितलं असतंत तर तुम्हालाही कळलं असतं."

ती गेली. मंडळ पुन्हा पान एकसष्टवर आलं. पण दहा मिनिटं झाली तरी चहा आला नाही, वीस मिनिटं झाली तरी आला नाही. तेव्हा अध्यक्षांसह मंडळ साखर शोधायला स्वयंपाकघरात शिरलं. घटनास्थळी मंडळाची ही पहिलीच भेट.

पाच वाजायला दहा कमी असताना फडताळाच्या वर उजेड आला. एक. बशीएवढा. थरथरत डावीकडून उजवीकडे कॅलेंडरपर्यंत गेला. घूं नाही, काही नाही.

ग्रंथपालांनी फाइल उघडली, थोडी चाळली आणि मिटली. निरीक्षक साखरेचा डबा हातात घेऊन उभेच राहिले.

"आरसा आहे," चष्मेवाला म्हणाला. "हातात धरायचा, गोल. खालच्या कडेचा टवका उडालाय, तो बघा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" निरीक्षकांनी विचारलं.

"मला भिंत कुणी दाखवली?"

निरीक्षक खिडकीशी गेले. समोरच्या इमारतीच्या सगळ्या काचा उन्हाने चकाकत होत्या, त्यामुळे डोळ्यांवर हात धरावा लागला. दुसऱ्या मजल्यावर एका खिडकीला लागून पलंग होता. पलंगावर एक म्हातारी बाई उशांना टेकून बसली होती आणि तिच्या शेजारी, आरसा हातात धरून, त्यांची बायको हसत होती. असं हसताना त्यांनी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणजे ती हसत नसेल असं नाही. चारला त्यांची बैठक असायची.


रकाना ५ : निष्कर्ष

परत आल्यावर तिने सगळं सांगितलं. त्या बाई शिवणकाम शिकवायच्या. दीड महिन्यापूर्वी कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणात. भाचा दार नुसतं लोटून साडेतीनला कामावर जातो, आठला येतो. मधल्या वेळात खिडकी. परवा आरसा हातातून निसटून पलंगाखाली गेला, त्यांना वाकता येईना आणि असल्या खेळासाठी भाच्याला सांगायचा संकोच वाटला. आज हिने काढून दिला.

"पण आपल्याच घरात का?" निरीक्षकांनी विचारलं.

बायको कप विसळत होती.

"त्यांना पलंगावरून आपली खिडकी दिसते. रोज एक बाई एकटी चहा पिताना दिसते. त्यांना वाटलं, हिलाही कुणी नाही." तिने कप पालथा घातला. "विचारत होत्या, एकट्याच राहता ना म्हणून. मला पटकन काही सांगता आलं नाही."

त्या संध्याकाळी निरीक्षक गच्चीवर गेले नाहीत. त्यांनी नवीन पत्रक घेतलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि एकेक रकाना तिला विचारून भरला. वेळ : चार. संख्या : एक. आवाज : नाही. कारण : आरसा. एका जागी त्यांनी मेजरिंग टेप मागितली आणि भिंतीवरची उंची खरोखर मोजली. निष्कर्षात 'शेजारीण' असं लिहून सही केली, आणि तिचीही घेतली.

महासंघाचं उत्तर नऊ दिवसांत आलं. सदर प्रकरण टाकी प्रकरणाशी एकाही मुद्द्यात जुळत नसल्याने ते प्रकरण म्हणून ग्राह्य धरता येत नाही. मान्यता रद्द. शिक्का परत पाठवावा.

निरीक्षकांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. शिक्का पुसून, कागदात गुंडाळून त्यांनी पोस्टाने पाठवला. दुसऱ्या दिवशी दाढी करायची की नाही यावर ते आरशासमोर थोडा वेळ थांबले, आणि मग केली.

त्या दुपारी बायको पावणेचारलाच समोर गेली. चारला त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला, खुर्ची ओढली आणि भिंतीसमोर बसले. उजेड आला. ते बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की नुसतं बघून चालायचं नाही, समोरून कुणी तरी वाट बघतंय. ते उठून खिडकीशी गेले आणि दुसरं काही न सुचून त्यांनी चहाच्या पातेल्याचं झाकण उंच धरून हलवलं.

समोरच्या खिडकीत शिवणाच्या बाईंनी मान पुढे काढली. तुमच्या घरात तो माणूस कोण दिसतोय, त्यांनी काळजीने विचारलं.

"आमचेच आहेत," बायको म्हणाली. "नुकतेच राहायला आलेत."