नाना आणि लोकांची वयं

कासारसाईत खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, डिपॉझिटचंही काही बोलले नाहीत. "जन्मतारीख बोला," म्हणाले. मी बोललो. त्यांनी डोळे मिटून बोटांची पेरं मोजली आणि निकाल दिला, "शुक्रवार. शुक्रवारची मान्सं लाइट चालू ठिऊन झोपत्यात. बिल येगळं भरायचं."

मोबाइलवर बघितलं, तर शुक्रवारच निघाला. आणि लाइट चालू ठेवून झोपायची सवय मला खरंच आहे.

हे आमचे नाना. दूधवाल्याला ते रोज ऐकवतात, "तुझा आन् सरपंचाचा वाढदिस एकच. त्यो पुढारी झाला, तू पानी घालतुयास." आणि कुणी वय सांगितलं की त्यांचा सवाल ठरलेला, "लागलं का सरलं?" म्हणजे तिसावं लागलंय की तीस पुरी झालीत? त्यांच्यापुढे मोघम वय चालत नाही.

हे मी विसरलो आणि परभणीकडची मंडळी मला बघायला आली, तेव्हा नानांनाच खुर्च्या मागितल्या. बायोडेटात मी एकतीस लिहिलं होतं. खुर्ची मांडता मांडता नाना म्हणाले, "एकतीस कुटलं? बत्तीस सरलं, तेहतिसावं लागलंय." मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. ती नंतर मी एकट्याने संपवली.

"नाना, थोडं गप्प बसायचं होतं."

"वय काय चोरायची चीज हाय व्हय?"

फक्त एका माणसाची तारीख नानांकडे नव्हती. ती त्यांच्या बायकोची, माईंची. विचारलं की माई भाकरी उलथत म्हणायच्या, "तुमच्यापरीस तीन वरसांनी ल्हान. माज्या बापानं लग्नात सांगितलंय, बास."

यंदा नानांची पंच्याहत्तरी आली. त्यांच्या लेकीने, सुनंदाताईने, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचा घाट घातला. नाना अडून बसले, "मला ओवाळनार तर हिलाबी ओवाळा. जितकं वय तितकं दिवं." आणि दिवे अंदाजाने लावणं नानांच्या तत्त्वात बसेना. मला बाइक काढायला लावून ते मुठा गावी, माईंच्या माहेरी, निघाले.

तिथे माईंची बालमैत्रीण गंगूबाई तांदूळ पाखडत होती. "पानशेतचं धरण फुटलं तवा आमी दोगी नव्यानं लुगडं नेसाया लागल्यालो," ती हसत म्हणाली. "पळताना पायात यायचं, दोगी आपटलो."

धरण फुटलं तेव्हा नाना चौथीत, खाकी चड्डीत होते, हे त्यांनीच मला कितीदा सांगितलेलं. मी मोठ्या हुशारीने मोबाइल काढला, लुगडं नेसणाऱ्या पोरीचं वय तेरा तरी धरून आकडेमोड केली आणि जाहीर केलं, "नाना, माई तुमच्यापेक्षा निदान तीन वर्षांनी मोठ्या निघाल्या. अठ्ठ्याहत्तर."

गंगूबाईचं सूप थांबलं. "तिच्या बापाचा नाइलाज व्हता वो," ती हळूच म्हणाली. "पोरगी थोराड हाय म्हनून स्थळं परत जायची."

येताना पेट्रोलला थांबलो. पंपावरच्या माणसाला नानांनी जन्मतारीखसुद्धा विचारली नाही.

समारंभाला अंगणात पाहुणे मावेनात. नानांना ओवाळून झालं. सुनंदाताईने कणकेच्या दिव्यांचं दुसरं ताट पुढे ओढलं. "नाना, आईचे किती लावू?"

आम्ही मुठ्याला जाऊन आल्याचं माईंना कळलं होतं. पदर नीट करणारे त्यांचे हात तसेच थांबले. त्यांच्या धाकट्या जाऊबाई पुढे सरकल्या, "सांगा की भावजी. अख्ख्या गावाचं वय तुमाला पाठ."

मी सवयीने तोंड उघडलं. नानांनी माझ्या पायावर पाय दिला आणि चांगला दाबून धरला.

"बाहत्तर," नाना म्हणाले.

"लागलं का सरलं?" जाऊबाईंनी टोमणा मारला. सगळे हसले.

"सरलं. हिच्या बापानं सांगितलंय."

बाहत्तर दिवे लागले. ओवाळून झाल्यावर माई रीतीप्रमाणे नानांच्या पाया पडायला वाकल्या, तसे नाना पाय मागे घेत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गुडघं दुखत्यात तुजं."

पाहुणे पेढ्यांकडे वळले. ताटातला एक दिवा घरंगळून माईंच्या पायाशी पडला होता. नाना तो उचलायला वाकले. दिवा उचलण्याआधी त्यांची बोटं माईंच्या पावलाला लागली आणि तशीच कपाळाला गेली.

माईंनी पाय मागे घेतला नाही.