शुक्रवारची हजेरी

न्याय वेळेवर मिळायचा असेल तर न्यायदानाला लागणारी माणसे वेळेवर यायला हवीत, हे तत्त्व कुंभकोणममधल्या एका कोर्टात (कुठल्या, ते सांगून उपयोग नाही) कोणीच कधी नाकारले नाही. अडचण फक्त शुक्रवारची होती. कोर्ट उघडायचे साडेदहाला, आणि शुक्रवारी राहुकाळ लागायचा तोही साडेदहालाच, तो थेट बारापर्यंत. अशा वेळी सही करून सरकारी कामावर अशुभ ओढवून घेण्याइतके तिथले कर्मचारी बेजबाबदार नव्हते. म्हणून ते शुक्रवारची सही गुरुवारी संध्याकाळीच करून ठेवत. (मग शुक्रवारी बारानंतर आले तरी चाले. काही जण सोमवारी येत.)

नक्कलनवीस सुंदरराव मात्र शुक्रवारची सही शुक्रवारीच करी. तो काही हरिश्चंद्र नव्हता. दर गुरुवारी तो चार वाजताच आलंगुडीच्या देवळाची बस पकडे (लवकर निघाल्याची नोंद ठेवायची पद्धत नव्हती), त्यामुळे संध्याकाळची सही हुकायची, एवढेच. चार महिन्यांनी त्याला पेन्शन मिळायची होती.

१९५४च्या नोव्हेंबरात एका गुरुवारी रात्री वादळ झाले. कोर्टाच्या फाटकावर चिंचेचे झाड पडले आणि शुक्रवारी कुलूपही निघाले नाही. पुढे जिल्ह्याच्या कचेरीने त्या दिवसाची हजेरी मागवली, तेव्हा पटावर एकवीस सह्या आणि सुंदररावाचा एक कोरा चौकोन निघाला. बंद कोर्टात एकवीस माणसे काय करत होती, याची चौकशी करायला चंद्रमौली नावाचे अधिकारी आले.

चंद्रमौली कडक माणूस. कॉफी त्यांनी दुसऱ्या पेल्यानंतर साफ नाकारली. त्यांनी दोन शक्यता मांडल्या. कोर्ट बंद होते असे मानल्यास एकवीस जण खोटे ठरतात, त्यांना बडतर्फ करावे लागते, आणि बडतर्फीचे हुकूम टाइप करायला कोणी उरत नाही. कोर्ट उघडे होते असे मानल्यास फक्त एक जण गैरहजर ठरतो. सरकारी कामाचा खोळंबा होऊ नये म्हणून दुसरी शक्यता सत्य ठरली. (झाडाची साक्ष झाली नाही. ते लिलावात गेले होते.)

विनापरवाना गैरहजेरी म्हणजे सेवेत खंड, आणि सेवेत खंड म्हणजे पेन्शन बुडाली. सुंदररावाने घरी येऊन हे सांगितले.

"एक सही केली तर हात झिजतो की ओ तुमचा?" त्याची बायको त्रिपुरसुंदरी म्हणाली.

"कोर्टास कुलूप होतं गे."

"मग बाकीचे कोठून आत गेले? खिडकीतून?"



दुसऱ्या दिवशी शिरस्तेदार कृष्णमूर्तींनीही त्याला समजावले. "राव, तुझ्या त्या एका चौकोनानं आमचं अख्खं पान खोटं दिसतंय. माणसानं इतकं स्वार्थी असू नये."

चंद्रमौलींनी स्वतः टाक पुढे केला. "करून टाका हो. प्रकरण इथंच मिटवू."

सुंदररावाने धोतराला हात पुसला आणि सही केली.

चंद्रमौलींनी तीवर टीपकागद दाबला, आणि मग कर्तव्य बजावले. अहवालात त्यांनी लिहिले, की इतरांच्या सह्यांबद्दल केवळ संशय आहे. सुंदरराव यांना मात्र खोटी सही करताना आपण प्रत्यक्ष पाहिले. हजेरीतला अप्रामाणिकपणा खपवून घेता येत नाही. सुंदरराव बडतर्फ झाला. उरलेल्या एकवीस जणांना वादळातही कामावर आल्याबद्दल प्रशस्तिपत्रे मिळाली. कृष्णमूर्तींनी आपले काचेत मढवून घेतले.

हा सरळसरळ अन्याय होता, याबद्दल गावात दुमत नव्हते. वकिलांनी कळवळून मद्रासला पाठवायचा अर्जही लिहिला. भाषा अशी, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. सगळ्यांनी तो वाचला, डोळे पुसले, आणि पहिली सही दुसऱ्या कोणाची तरी पडू दे म्हणून पुढे दिला. फिरत फिरत तो अर्ज आता सुंदररावाच्याच घरी येऊन पडला आहे. खाली भरपूर जागा आहे, दौत भरलेली आहे, सुंदरराव दिवसभर घरीच असतो. इथवर वाचून ज्यांचे रक्त तापले असेल त्यांनी केव्हाही यावे. येणाऱ्याला कॉफी द्यावी म्हणून त्रिपुरसुंदरी रोज थोडे दूध जास्त घेत असे. ते मात्र तिने महिन्याभरापूर्वी बंद केले.