सोपानअण्णांचा ताळा

मी राहायला गेलो त्याच आठवड्यात आमच्या घरमालकांनी माझ्या वायफायशेजारी मेथी पेरली.

मी मूळचा परभणीचा. नोकरी हिंजवडीला, आणि खोल्या मिळाल्या जवळच्या चांदे गावात, सोपानअण्णांच्या वरच्या मजल्यावर. राउटरचे लुकलुकते दिवे बघून अण्णा म्हणाले, "ह्याच्या लहरींनी झाडं खुरटत्यात म्हनं. खरं हाय का?"

"छे हो, तसं काही नसतं," मी म्हणालो.

"ताळा बघितलाय?"

नव्हता बघितला. दुसऱ्या दिवशी मातीची दोन मडकी आली. एक माझ्या राउटरला खेटून, दुसरं खाली त्यांच्या ओसरीवर. रोज सकाळी अण्णा फूटपट्टी घेऊन दारात हजर. बाराव्या दिवशी माझ्याकडची मेथी बोटभर ठेंगणी निघाली आणि माझा चेहरा पडला. अण्णांचा नाही पडला. "वर ऊन कमी येतंय. राउटर खाली आना," म्हणाले. पुन्हा बारा दिवस. ह्या खेपेलाही वरचीच ठेंगणी. वायफाय निर्दोष सुटलं आणि दोन्ही मडक्यांची भाजी आमच्या पानात आली.

तिसरीत गुरुजींनी अण्णांना गणिताचा ताळा शिकवला होता. उत्तर आलं, की उलटं करून पडताळायचं. चौथीत अण्णांची शाळा सुटली, ताळा काही सुटला नाही. व्हॉट्सॲपवर कुणी काही पाठवलं, टीव्हीवर कुणी काही सांगितलं, की अण्णांचा एकच सवाल: ताळा बघितलाय? त्यामुळे देवळाच्या कट्ट्यावर अण्णा आले की निम्मे लोक उठून जायचे.

एकदा तिथं वाद पेटला, की मोबाइलच्या टॉवरमुळे गावातल्या चिमण्या गेल्या. अण्णा आठ दिवस टॉवरखाली खुर्ची टाकून बसले. परत येऊन म्हणाले, "टावरच्या केबिनला चार घरटी हायेत. चिमण्या आपल्या स्लॅबनं गेल्या. कौलं काढली, अंगनात दानं वाळवायचं सोडलं. आता त्यांनी काय तुमच्या टाइल्स खायच्या?" जमिनी विकून नुकतेच बंगले बांधलेल्या मंडळींना हे शास्त्र मुळीच आवडलं नाही.

नव्याचंही त्यांना तितकंच वावडं, किंवा तितकंच कौतुक म्हणा. माझ्या फोनमधल्या बोलक्या एआयला त्यांनी विचारलं, म्हैस चारा का खात नाही? त्यानं भराभर पाच कारणं आणि तीन उपाय सांगितले. अण्णा हसले. "लई गोड बोलतंय. पर म्हस न बघता औषद सांगतंय. मग आमच्या भगतात अन् ह्याच्यात फरक काय?" मी याच क्षेत्रात काम करतो. मी फोन खिशात टाकला.

अशा माणसाची मी टिंगल करायचो, हे कबूल केलं पाहिजे. ती थांबली त्या ग्रहणाच्या दिवशी.

माझी बायको प्रिया तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिला गरोदरपणातली साखर निघाली होती. इन्शुलिन चालू होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन-तीन तासांनी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. तिची काळजी घ्यायला परभणीहून माझी आई आली होती. आणि नेमकं सूर्यग्रहण आलं, संध्याकाळी सूर्य बुडायच्या वेळचं. आईनं फर्मान काढलं: दुपारी बारापर्यंत खायचं, मग सूर्य मावळून आंघोळ होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. चिरणं नाही, कापणं नाही, शिवणं नाही. "माझ्या नातवंडाला काही झालं तर कुणाला जाब विचारू?" तिचा जीवही त्या बाळातच अडकला होता. मी तिला "थोडं खाऊ दे की" असं तीनदा म्हणालो, पण तिन्ही वेळा मनातल्या मनात.

पाच वाजत आले. ग्रहण लागलं होतं. प्रियाच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले; साखर उतरत चालली होती. मी खाली धावलो आणि अण्णांना सांगितलं. अण्णा एक जाडजूड वही घेऊन तडक वर आले.

"ताई, ह्ये बगा," ते आईला म्हणाले. "प्रत्येक गिराणाला गावातल्या गाभण म्हशी लिवल्यात. गिराण बाधू नये म्हनून कुनाच्या शिंगाला गेरू लावला, कुनाच्या न्हाई. कुनी गिराणात चारा खाल्ला, कुनी न्हाई. काय रेडकं अधू निघाली, पर गेरूवाल्यांची अन् बिनगेरूवाल्यांची सारखीच! गिराणाचा कायबी संबंद न्हाई."

आई शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुम्ही माझ्या सुनेत आन् म्हशीत काही फरक करता की नाही?"

अण्णांनी वही मिटली. "त्यो फरक हाय," ते पुटपुटले. अण्णांना वादात हरताना मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अण्णांच्या मंडळी, शेवंताकाकी. वर्षभरात त्यांची माझी दहा वाक्यंही झाली नव्हती. एका हातात भाकरी आणि दह्याचं ताट, दुसऱ्या हातात विळी, ओच्यात काकड्या. ताट त्यांनी प्रियाच्या मांडीवर ठेवलं, आईसमोर फरशीवर विळी मांडली, आणि काकडी चिरायला घेतली.

"आमची सुमन पोटात व्हती," मान वर न करता काकी बोलू लागल्या. "गिराणात मी अशीच काकडी चिरली. पोर झाली ती वरचा ओठ फाटलेली. सासू बोलली. गाव बोललं. ह्ये बी बोललं. डाक्टरनी टाकं घालून ओठ जुळवला, म्हनला बाईचा काय दोष न्हाई. पर तवापास्नं गिराणात मी विळीला हात लावला न्हाई. तीस वर्सं झाली, ह्ये म्हशी मोजत्यात. एकदाबी मला 'चुकलं' म्हनलं न्हाईत."

प्रियानं आईकडे पाहिलं. आईनंच भाकरीचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि तिच्या तोंडात घातला. "खाय माय," ती म्हणाली, "जाब मी तुलाच विचारला असता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मला अण्णांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. काकींच्याही. माझ्या लेकीला आज जे सुखरूप बघतो, त्यात ह्या दोघांचा वाटा फार मोठा आहे.

अण्णा अजून दारातच उभे होते. "शेवंते," ते म्हणाले, "चुकलं माजं."

"मला काय सांगताय," काकी म्हणाल्या, "सुमनला सांगा. तिला अजून वाटतंय, आईनंच आपला ओठ फाडला."

अण्णांनी खिशातून फोन काढला आणि गॅलरीत गेले. कोळवणला दिलेल्या लेकीला आधी त्यांनी भात किती झाला ते विचारलं. मग जावयाची तब्येत. मग एसटी वेळेवर येते का. आणि मग एकदम मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं: "सुमे, तुज्या आईनं कायबी केलं न्हवतं बग! मी उगा बोललो व्हतो!"

काकींचा हात थांबला. डोळ्यांना पदर लावायला त्यांना हातच मोकळा नव्हता.

"सरका जरा," आई म्हणाली. तिनं काकींना बाजूला बसवलं आणि बाहेर ग्रहण चालू असताना उरलेली काकडी स्वतः चिरायला घेतली.