रेलिंगला चिंच-मीठ

जिन्याच्या रेलिंगची जरा काळजी घ्यावी, एवढंच मी ठरवलं होतं. मी एखाद्या वस्तूची काळजी घ्यायला लागलो की त्या वस्तूचं काय होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. (मला सोडून.)

आमचं घर धारवाडात, मळमड्डीत. खाली भाडेकरू, वर आम्ही, आणि वर जायला बाहेरून एक उभाच्या उभा जिना. त्याला कठडा नव्हता. वास्तुशांतीला सासूबाई बेळगावहून आल्या, जिना गुडघे चोळत चढल्या, गुडघे चोळत उतरल्या आणि म्हणाल्या, की धरायला काही केल्याशिवाय या घरी मी पाऊल ठेवणार नाही. बाई शब्दाच्या पक्क्या. त्यानंतर लीला, म्हणजे आमची ही, दरवर्षी कठड्याचा विषय काढायची आणि मी तो विचाराधीन ठेवायचो. सरकारी कचेरीत कारकून आहे मी, दुसरं काय येतं मला?

शेवटी यंदा लीला स्वतःच हुबळीला गोकुळ रोडवर गेली आणि तिथल्या यशपाल नावाच्या फॅब्रिकेटरकडून स्टेनलेस स्टीलच्या पाइपांचं झकास रेलिंग बसवून घेतलं. त्याचा फोटो बेळगावला गेला. सासूबाईंनी तो मोठा करून पाहिला आणि दसऱ्याला येते म्हणून कळवलं. लीला त्या दिवसापासून घरात गुणगुणत फिरत होती. तिची आई तिच्या घरी येणार होती, आणि तिला दुसरं काही नको होतं.

एवढ्यावर मी गप्प बसायचं की नाही? पण आमच्या वॉकिंग ग्रुपवर मेसेज आला, की स्टेनलेस स्टीलही गंजतं. झालं, माझी झोप उडाली. वास्तविक यशपालनं जातानाच सांगितलं होतं, की अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसा आणि कोरडं करा, बाकी काही नको. पण एवढ्या भारी वस्तूला नुसतं पाणी? कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर सोप्या उपायावर माझा विश्वासच बसत नाही.

अशा वेळी लीला नवरात्रासाठी समई घासताना दिसली. काळी पडलेली समई, तिला चिंच-मीठ लावलं, चोळलं, आणि बघता बघता नवीन. मी म्हटलं, अरे, उपाय तर घरातच आहे की. जे पितळेला चालतं ते स्टीलला का चालू नये? स्टील तर पितळेपेक्षा मजबूत. लीला आईशी फोनवर बोलत होती. चिंच घेऊ का, असं मी विचारलं. तिनं हात हलवला. (तो नकार होता, हे मला नंतर समजलं.)

शेजारचे बाळाचार्य फाटकाशी उभे होते. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना मी माझी सगळी योजना समजावून सांगितली. ते फक्त हूं हूं करत होते. मी ते कौतुक समजलो.

आधी तारेच्या घासणीनं पाइप खसाखसा घासले, म्हणजे औषध आत शिरावं. मग चिंच आणि खडे मीठ कालवून वरपासून खालपर्यंत जाड थर दिला. मग जुन्या धोतराच्या पट्ट्या ओल्या करून त्यावर गुंडाळल्या, म्हणजे लोणच्यासारखं मुरेल. खालच्या भाडेकरणीनं विचारलं, काय सर, जिन्याला फ्रॅक्चर झालं काय? अडाणी लोकांना काय सांगणार? मी नुसता हसलो.

सासूबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ऐटीत पट्ट्या सोडल्या. रेलिंगला गोवर आला होता. जिकडं तिकडं तांबडे ठिपके, मधूनमधून चहाच्या ओघळासारखे डाग, आणि पट्ट्यांवरसुद्धा गंज. लीला बाहेर आली. तिनं वरून खालपर्यंत पाहिलं.

"आई येऊ नये असं वाटत होतं, तर सरळ सांगायचं होतं," ती म्हणाली. "इतकं कशाला करायचं?"

आणि आत जाऊन डोळे पुसू लागली. मला खरंच फार वाईट वाटलं. देवाशप्पथ सांगतो, सासूबाईंच्या येण्याला माझी काही हरकत नव्हती. (थोडी होती. पण ती चिंच-मिठात मुरवण्याइतकी नव्हती.)

मी बाळाचार्यांकडं धावलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की स्टीलच्या अंगावर त्याची स्वतःचीच दुधाच्या सायीसारखी एक पातळ साय असते, ती त्याला गंजू देत नाही. मीठ आणि आंबट मिळून ती साय खातात, आणि तारेच्या घासणीचे लोखंडी कण वर बसून गंजतात. मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलंत?

"तुम्ही विचारत कुठं होता?" ते म्हणाले. "तुम्ही सांगत होता."

आता अब्रू वाचवायला रात्रीपर्यंतचा वेळ होता. मी बाजारात जाऊन चंदेरी ऑइलपेंटचा डबा आणला आणि संध्याकाळी सगळं रेलिंग रंगवून काढलं. लांबून पाहिलं तर अगदी स्टील. लीलानंही मान डोलावली. फक्त हवा दमट होती, आणि रंग वाळायला वेळ लागतो हे डब्यावर फार बारीक अक्षरात लिहिलं होतं.

सकाळी सासूबाई रिक्षातून उतरल्या. ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या. रेलिंग पाहून खूश झाल्या, घट्ट धरलं आणि चढू लागल्या. अर्ध्या जिन्यात हात पुढं सरकवायला गेल्या तर हात सुटेना. ओढून काढला तर पंजा चंदेरी, आणि इरकलचा पदरही चंदेरी. त्या तिथंच थांबल्या. एकदा वर पाहिलं, एकदा खाली रिक्षाकडं पाहिलं. रिक्षा अजून उभी होती. वर दारात लीला श्वास रोखून उभी होती.

"संजीवराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही या इकडं."

मी गेलो. त्यांनी चंदेरी पंजा माझ्या खांद्यावर ठेवला, पूर्ण भार टाकला आणि उरलेला जिना चढून गेल्या. लीला आईच्या गळ्यात पडली. माझा पांढरा शर्ट त्या दिवशी कायमचा गेला, पण त्याबद्दल बोलायची माझी हिंमत झाली नाही.

पुढं यशपालनं येऊन रंग उतरवला, डाग काढले, पॉलिश केलं. रेलिंग पुन्हा आरशासारखं झालं. पण सासूबाईंचा स्टीलवरचा विश्वास उडाला तो उडालाच. त्या त्याला बोटसुद्धा लावत नाहीत. सकाळी देवळात जाताना मी, संध्याकाळी फिरायला जाताना मी, मध्येच भाजीवाला आला तरी मीच. दसरा संपला. आधार चांगला मिळतोय म्हणून त्यांनी मुक्काम दिवाळीपर्यंत वाढवला आहे.

काल लीला म्हणाली, आई तुमच्यावर एकदम खूश आहे. मी जरा फुललो. म्हटलं, असणारच की.

"फक्त तिची एक तक्रार आहे," ती म्हणाली. "हे रेलिंग बोलतं फार."