नुसता भोंगा

"साहेब, ग्राहक योजना निवडत असताना आगीने काय करायचं?"

हा प्रश्न विचारून दाखवण्याची पैज मैत्रिणींनी टकळीशी लावली होती. टकळी हे तिचं शाळेतलं नाव. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीलासुद्धा पुटपुटायची. यंदा तिला कंठ फुटला होता आणि तोंड मिटायचं नाव घेत नव्हतं.

शाळेच्या व्यासपीठावरून नवं धोरण समजावणारे निवड-स्वातंत्र्य अधिकारी गंभीर झाले. "उत्तम प्रश्न. नव्या धोरणानुसार आगीने थांबणं अपेक्षित आहे."

सभागृह खो खो हसलं. अधिकारी हसले नाहीत.

धोरण तसं साधं होतं. आजवर शहरात एकच अग्निशमन दल होतं, एकच लाल बंब होता आणि तो कुणाच्याही आगीकडे काही न विचारता धावायचा. ही मक्तेदारी होती. नागरिक वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने वाचत होते. बिचाऱ्यांना पर्यायच नव्हता. म्हणून आता पाणी एका कंपनीचं, नळी दुसरीची, शिडी तिसरीची आणि भोंगा चौथीचा. जुनं दल महिनाअखेरीला बंद व्हायचं होतं, कारण फुकट विझवणारा शेजारी असला की निकोप स्पर्धा होत नाही.

लाल बंब चालवायची टकळीची आत्या.

"आत्या, बंबाचं काय करणार गं ते?"

"आईस्क्रीमचं दुकान काढणार म्हणे त्यात. निदान कुणीतरी गार होईल."

बाबा मात्र धोरणाचे भक्त. दोन घासांच्या मध्ये ते योजनांची तुलना करत. एके दिवशी विजयी मुद्रेने घरी आले. "सगळ्यांत लोकप्रिय भोंगा घेतला! चार सुरांत वाजतो."

"आणि पाणी?" आईने विचारलं.

"टप्प्याटप्प्याने घेऊ. आधी जागृती, मग विझवणं."

"अहो, सख्ख्या बहिणीची नोकरी चाललीय आणि तुम्ही नुसता भोंगा घेऊन आलात?"

"तिला भोंगा कंपनीतच चिकटवू की. गळा दणदणीत आहे तिचा!"

या निष्ठेबद्दल बाबांना 'जागरूक ग्राहक' सन्मान जाहीर झाला. सोहळ्याच्या दुपारी ते पुढच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होते. तेवढ्यात साक्षात अधिकाऱ्यांचा फोन आला. बाबा "हो साहेब, नक्की साहेब" करत अंगणात गेले, आणि इस्त्री शर्टावरच राहिली. शर्टाने चादर पेटवली, चादरीने पडदा. टकळी शाळेतून येऊन बघते तर खिडकीतून धूर.

"बाबा, आग! आपल्या घरात!"

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "आपण सदस्य आहोत."

भोंगा आला. बोलता बोलता आला, हे मान्यच करायला हवं. स्कूटरवरच्या माणसाने चारही सूर वाजवले आणि अदबीने विचारलं, "आवाज समाधानकारक आहे ना, साहेब? दोन शब्द अभिप्राय द्याल?"

भोंगा ऐकून बाकीच्या कंपन्याही गिऱ्हाईक गाठायला धावल्या. घर तळमजल्यावर आहे हे पाहून शिडीवाला हिरमुसला. "वर कुठे राहायला जायचा विचार आहे का?" पाणीवाल्याकडे पाणी होतं, पण नळी नव्हती. नळीवाल्याकडे नळी होती, पण तिचं तोंड पाणीवाल्याच्या नळाला बसेना; दोन कंपन्यांनी तोंडं जुळवणं म्हणजे संगनमत ठरलं असतं. आई स्वयंपाकघरातून पातेल्याने पाणी आणून मारत होती. पाणीवाल्याने तिलाच हटकलं, "बाई, परवाना?"

सगळे चर्चेत गुंतले. आगीने मात्र फार तुलना न करता सोफा निवडला.

गल्ली गोळा झाली. प्रत्येकाच्या हातात फोन होता, बादली एकाच्याही नाही. तुम्हीही होतात की, दुसऱ्या रांगेत. छान आलाय तुमचा व्हिडिओ.

टकळीने दप्तर फेकलं आणि धूम ठोकली ती थेट कोपऱ्यावरच्या अग्निशमन केंद्रात. आत्या बंब पुसत बसली होती.

"आत्या, आमचं घर पेटलंय!"

"सदस्य आहात?"

"भोंग्याचे!"

"अरे देवा. चढ लवकर!"

लाल बंब गल्लीत शिरला. एकाच गाडीवर पाणी, नळी, शिडी आणि भोंगा! एवढा जुनाट प्रकार पाहून सोहळ्याहून धावत आलेल्या अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. आत्या नळी ओढत ओरडली, "दादा, बाजूला हो! आणि आधी तुझा तो भोंगा बंद कर, कान फुटले माझे!"

सोफा गेला, पडदा गेला, सन्मानाचा शर्ट गेला. घर वाचलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. अर्थात एका हाताने, कारण दुसऱ्यात फोन होता.

अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. मालकाच्या निवडीविना आग विझवून आत्याने बाजाराचं नुकसान केलं होतं, म्हणून दलाला महिनाअखेरीऐवजी उद्या सकाळीच कुलूप. शिवाय, चार कंपन्यांच्या उपस्थितीत आग विझल्याने धोरण यशस्वी.

संध्याकाळी तिघं ओल्या खोलीत, उपड्या घमेल्यांवर बसली होती. बाबा विचारात पडले होते. "चूक माझीच झाली," ते म्हणाले. आईने आशेने मान वर केली. "भोंग्याबरोबर नळीही घ्यायला हवी होती. आता एकत्रित योजना आलीय…"

टकळी उठून उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मोठी झाले की मी बंबच चालवणार. आणि चालवायला बंब उरावा म्हणून उद्या सकाळी आम्ही सगळ्या मैत्रिणी केंद्राच्या दारात बसणार. कुलूप लावणाऱ्यांनी आधी आम्हाला उचलावं."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक कुठे काय म्हणतात, बाबा? लोक व्हिडिओ काढतात. तुमच्यासाठी दोन योजना आहेत. एक, दारात माझ्या शेजारी बसायचं. दोन, समोर दुसऱ्या रांगेत उभं राहायचं. करा तुलना. फक्त वेळ लावू नका. थांबायची अपेक्षा आगीकडून आहे, माझ्याकडून नाही."