ग्लोरियाबाईंचा सल्ला

टोस्टरमधला पाव खटकन वर उडाला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. फोन कानाला लावून ताटकळलेली लोर्ना दचकली, आणि नेमका तेव्हाच पलीकडून आवाज आला, "बोला! कोण, कुठून?"

"मी... ग्लोरिया. नदीपलीकडून," लोर्नाने खोटंच ठोकून दिलं.

अमेरिकेत आयोवातल्या त्या गावात बडचा सकाळचा रेडिओ कार्यक्रम लागत नाही असं घर नव्हतं. सध्या वाद एकच. शहरातल्या मोठ्या बेसबॉल संघाला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हवा होता. तो आत्ताच आपले खेळाडू देऊन दुसऱ्या संघाकडून घ्यावा, की हिवाळ्यात करार संपून जे मोकळे होतील त्यांच्यातला एखादा पैसे ओतून आणावा? यावरून लोर्ना नवऱ्याशी रोज भांडायची आणि रोज हरायची. आज तिने गावालाच सांगायचं ठरवलं होतं.

"मोकळा पिचर आणलात तर तिकिटं महागतील, बड. शिवाय हिवाळ्यापर्यंत थांबायचं कशाला? अदलाबदल करा!"

"करू की. पण देणार कुणाला, ग्लोरियाबाई?"

हा विचार तिने केलाच नव्हता. तिच्या हातात नुकतेच वाळलेले मोजे होते. ते ज्याचे, त्याचंच नाव तोंडातून निसटलं. "एझ्रा प्रुइटला द्या!"

एझ्रा त्या मोठ्या संघानेच गावात ठेवलेल्या धाकट्या संघाचा कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा. त्या पोरांना पगारात घरभाडं परवडत नाही, म्हणून गावकरीच एकेकाला घरी ठेवून घेतात. एझ्रा लोर्नाच्याच तळघरात राहत होता.

"त्याला कोण घेणार?" बड हसला.

लोर्नाला ते झोंबलं. "का नाही घेणार? सोन्यासारखा पोरगा आहे. रोज आईला फोन करतो, स्वतःचं ताट घासतो, सकाळी सहा अंडी खातो—"

"बाई, तो अंडी किती खातो ते तुम्हाला कसं ठाऊक?"

लोर्नाला घाम फुटला. आता परकं दिसलंच पाहिजे! "ऐकीव हो! माझा काय संबंध? वळत्या चेंडूला तर तो आंधळा आहे. लोकांना कळायच्या आत खपवा त्याला!" आणि तिने फोन आपटला.

घर शांत झालं. मग तळघरातून कुणी बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐकीव हो! माझा काय संबंध?"

तो एझ्राचा रेडिओ होता; त्यावर बोलणं काही सेकंद उशिरा पोचतं. पुढचं वाक्य कोणतं ते लोर्नाला पाठ होतं. ती जिन्यावरून धडधडत उतरली, पण वाक्य तिच्या आधी पोचलं.

एझ्रा एका पायात बूट घालून पलंगावर बसला होता.

"अंडी चारच, मॅडम," तो म्हणाला. "उरलेली दोन तुमच्या छोट्या टिलीच्या ताटातली."

"एझ्रा, ती बाई... म्हणजे मी..."

"जाऊ द्या. नदीपलीकडच्यांना बेसबॉलमधलं काही कळत नाही." त्याने दुसरा बूट शोधायला मान खाली घातली आणि बराच वेळ वर केलीच नाही.

त्या दिवशी लोर्नाने पीचचा केक केला, त्याच्या गंजीफ्रॉकांनाही इस्त्री केली. तरी तोंड दाखवायची लाज काही जाईना.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. मोठ्या संघाने पिचर आणला होता. बदल्यात दिलेल्यांत एझ्राचं नाव होतं.

"काय बाई आहे ही ग्लोरिया!" जेवताना तिचा नवरा ड्वेन खुशीत म्हणाला. "बड म्हणतो, तिला संघाच्या कचेरीत बसवा. शीक जरा तिच्याकडून."

लोर्नाने त्याच्या ताटात बटाट्याचा लगदा आदळला.

एझ्रा दोन बॅगा घेऊन निघाला. लोर्नाने सँडविचचा पुडा त्याच्या हातात कोंबला. "सगळ्या संघांनी तुझं नाव आधीच ऐकलेलं असणार रे. माझ्यामुळे काही झालं नाही, हो ना?"

"नाहीच मुळी," एझ्रा म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला, की तिला त्याच्याकडे बघवेना.

गाडी वळणाआड गेली. पायरीवर पायजम्यात बसलेली चार वर्षांची टिली अजून हात हलवत होती.

"मम्मी, संघाने एझ्राला दिलं, म्हणून त्यांना पिचर मिळाला ना?"

"हो, राणी."

"मग आपण त्याला दिलं, तर आपल्याला काय मिळालं?"