सात दिवसांचा सौदा

हसकेल मास्तरांनी मला फसवलं. भिवंडीच्या सूतबाजारात मला आजवर कोणी गंडवू शकलेलं नाही. या निवृत्त ड्रॉइंग मास्तरानं गंडवलं, तेही माझ्याच दारात, पाटावर बसून.

मास्तर आमच्या गल्लीतले एकुलते एक बेने इस्रायली, म्हणजे इथले मराठी ज्यू. बायको कधीच वारली होती, आणि मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेलेली. शनिवार त्यांचा पवित्र विश्रांतीचा वार, त्या दिवशी ते साधी सहीसुद्धा करत नसत. उरलेले सहा दिवस मात्र बाहेरून आलेल्या लूम कामगारांचे अर्ज लिहीत. रेशनकार्डाचा अर्ज, दवाखान्याचा अर्ज, घरमालकानं खोलीतून काढलं त्याचा अर्ज. ‘हे बाहेरचे लोक’ असं कोणी म्हणायचा अवकाश, की मास्तरांचा चष्मा कपाळावर चढायचा.

“बाहेरचे? आमची बोट नवगावला फुटली, तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी आधी आमचे मेलेले पुरले आणि मग जिवंतांना गाव विचारलं. रेशनकार्ड कोणी मागितलं नाही!”

त्यांच्या पूर्वजांची ती बोट फुटून शेकडो वर्षं झाली असतील. मास्तर असं सांगत, जणू कपडे अजून दोरीवर वाळताहेत.

मी पडघ्याहून आलो तो लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला. सत्तर सालानंतर पाच-सहा वर्षांत स्वतःचे बारा लूम उभे केले. त्या बारांपैकी चार नंबरवरचा इद्रिस तापानं गेला. सकाळी त्याला पुरलं आणि मी त्याचा भाऊ यासीन याला निरोप धाडला, दुपारच्या शिफ्टला ये, नाहीतर तुझा लूम दुसऱ्याला देईन. तेव्हा सगळेच मालक असं करत. मीही केलं.

दुपारी कारखान्यावर गेलो, तर दारातच मास्तर. बसायला बुटका पाट, अंगातला सदरा छातीवर टरकन फाडलेला. चांगलं नवं कापड होतं, माझ्याच लूमवरचं. बाजूला यासीन धरून आठ कामगार जमिनीवर बसलेले.

“मास्तर, हा काय तमाशा?”

त्यांनी हात वर केला. “शेठ, आमच्यात रिवाज आहे. शोकाला बसलेला माणूस बोलेपर्यंत आलेल्यानं बोलायचं नाही.”

“आत्ता बोललात की!”

“तो नियम सांगितला. बोललो नाही.”

आणि खरोखरच गप्प झाले. घासाघिशीत आधी तोंड उघडतो तो हरतो, हे मला कळतं. म्हणून मीही पोत्यावर बैठक मारली. भिंतीवरच्या घड्याळात एक तास गेला. मास्तर डोळे मिटून पुटपुटत होते. मला वाटलं, भाव ठरवताहेत.

शेवटी म्हणाले, “सात दिवस. सात दिवस यासीन कामावर येणार नाही आणि त्याचा लूम कोणाला द्यायचा नाही.”

“सात? अहो, एक दिवस द्या म्हणजे मिळवली!”

“आमच्यात सातच असतात.”

“इद्रिस तुमच्यातला होता का?”

“शेठ, मेल्यावर माणूस कोणातलाच राहत नाही. जिवंतांनी त्याला आपल्यात घ्यायचा असतो.”

मी ओरडलो, उठून निघालो, परत येऊन बसलो, पुन्हा ओरडलो. मास्तर सातावरून सहावर आले, सहावरून पाचावर आणि अखेर तिनावर उतरले.

“बरं, तीन,” म्हणाले. “पण मग एक किरकोळ गोष्ट. मेलेल्यासाठी प्रार्थना करायची, तर त्याचं नाव बापाच्या नावासकट घ्यावं लागतं. तुमच्या हजेरीबुकात इद्रिसच्या बापाचं नाव नाही.”

“इद्रिसकाच नहीं है,” मागून कोणीतरी बोललं. “चार नंबर लिखा है, बस.”

“तर सगळ्यांची नावं लिहा. बापासकट, गावासकट.”

चार दिवस कापल्याच्या आनंदात मी त्याच पाटाशेजारी बसून बारा लूमवरच्या दोन्ही पाळ्यांची नावं लिहिली. मास्तरांनी बुकावर फुंकर मारून शाई वाळवली.

संध्याकाळी माझा जुना जॉबर, कामगारांवरचा मुकादम, हसायला लागला. “शेठ, इद्रिसच्या लोकांत दुखवटा तीनच दिस आसतो. मास्तरान्ला म्हाईत हाय.”

महिन्याभरात त्याच बुकाच्या जोरावर माझ्या कामगारांची रेशनकार्डं निघाली. एकाचं बोट मशीनमध्ये गेलं, तेव्हा तो सरळ बुकातलं नाव घेऊन लेबर ऑफिसात उभा राहिला, आणि त्याच्या दवाखान्याचा खर्च मला भरावा लागला. मास्तरांनी दिवसांवर भांडून नावं खिशात घातली होती! चहाच्या टपरीवर मी वर्षभर त्यांच्या नावानं खडे फोडले.

एके दिवशी यासीननं ते ऐकलं. “शेठ, मास्टरजी उस दिन अपनी बेटी के मातम में भी बैठे थे। आपको मालूम नहीं?”

मी तडक मास्तरांच्या खोलीवर गेलो. “मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही दया करून सातही दिवस दिले असते,” मास्तर म्हणाले. “मग नावं कशावर मागितली असती?”

त्यांनी उशीखालून निळं पत्र काढलं. “ती गेल्याचं. त्याच सकाळी आलं. चाळीस दिवस कुठं फिरत होतं, देव जाणे. आमच्यात बातमी महिन्यानंतर पोचली, तर सात दिवस बसायचं नसतं. एक तास फक्त.”

“मग तुम्ही कधी बसलात?”

“तुमच्यासमोरच. प्रार्थनेला दहा माणसं लागतात. आमच्यातलीच लागतात म्हणा. पण इथं आमच्यातला मी एकटा. ती आठ, मी नववा. आणि तुम्ही आलात. तासभर गप्प बसलात, शेठ. तुमचे उपकार आहेत.”

उपकार! मी त्यांचा भाव ऐकायला बसलो होतो.

मास्तरांचा हिशेब माझ्यापुरता मिटला. आता दुसरा बाकी आहे. ते पत्र चाळीस दिवस ज्यानं कुठल्या पेटीत, पोत्यात, फळीवर पडू दिलं, त्यानं माझ्यासमोर यावं. एका बापाचे सहा दिवस आणि तेवीस तास कोणी खाल्ले, याचा मला जबाब पाहिजे. आणि या सौद्यात मी एक मिनिटही कमी करणार नाही.